मी नुसती हसले होते

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी मुलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला आणि त्यांनी फार मऊ आवाजात सांगितले, की उद्या सकाळी शाळेत येऊन जा, काळजीचे काही नाही, सहा पालकांना बोलावले आहे. शाळेतून कोणी ‘काळजीचे काही नाही’ असे म्हटले की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजावे. नवी मुंबईत, ऐरोलीतल्या आमच्या घरापासून शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. दुसऱ्या दिवशी त्या दहा मिनिटांत मी मुलीला चार वेळा विचारले आणि चारही वेळा तिने पायाखालच्या रस्त्याकडे बघत ‘मी काही नाही केलं’ एवढेच उत्तर दिले.

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या संभाषणाची छापील पाने होती. सातवीच्या त्या वर्गातल्या एका मुलाचा क्रीडादिनाला काढलेला फोटो कोणीतरी कापून त्याचे स्टिकर बनवले होते आणि त्याच्या बनियनवर, खेळाडूंच्या पाठीवर असतो तसा, ‘२५’ हा आकडा घातला होता. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग होती. त्या रांगेत एक चेहरा माझ्या मुलीच्या नावापुढे होता. स्टिकर तिने बनवलेले नव्हते, ते पुढेही पाठवलेले नव्हते, तिने एक शब्दही लिहिलेला नव्हता. माझा श्वास सुटला आणि मी लगेच म्हणाले, ‘‘तिनं स्वतः काही केलेलं नाही, ती नुसती हसली आहे.’’ (फोन मीच दिला होता, हे सोयिस्करपणे मागे राहिले. व्हॉट्सॲप वापरण्यासाठी वयाची तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलगी बारा वर्षांची आहे आणि माझा जुना फोन ‘गृहपाठापुरता’ तिच्याकडे आहे.)

माझ्या शेजारी बसलेल्या एका वडिलांनी त्या पानावर बोट ठेवले. ज्याचे स्टिकर होते तो मुलगाही त्याच ग्रुपवर होता आणि सर्वांत शेवटी त्यानेही तोच हसणारा चेहरा टाकला होता. ‘‘बघा, तोही हसतोय. पोरांची मस्करी आहे हो,’’ असे ते म्हणाले आणि खोलीतले वातावरण जरा सैल झाले.

पंचवीस हा आकडा कुठून आला, हे मुख्याध्यापिकांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण सर्वांना ते माहीत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमानुसार खाजगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात आणि त्या मुलांचे आठवीपर्यंतचे शिक्षण विनाशुल्क असते. सोडत निघते, घरोघरी तिला ‘आरटीईची लॉटरी’ म्हणतात. हा मुलगा पहिलीत असाच आला. पहिलीपासून पाचवीपर्यंत तो फक्त उंच उडी चांगली मारणारा मुलगा होता, माझ्या मुलीच्या तोंडून मी त्याचे नाव त्याच संदर्भात ऐकले होते. मग गेल्या वर्षी शाळेने फी वाढवली, पालकांचा ग्रुप तापला आणि त्या तापलेल्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले, की या पंचवीस टक्केवाल्यांचा खर्च आपल्या खिशातून जातो आहे. सरकार त्या जागांची प्रतिपूर्ती करते आणि ती वेळेवर येत नाही अशी शाळांची तक्रार असते, हे सगळे त्या चर्चेत येऊ शकले असते; आले नाही. आले ते ‘पंचवीस टक्केवाले’, त्याखाली अंगठे, आणि काही चेहरे. मी अंगठा टाकला नव्हता. मी वाचले होते आणि फोन उपडा ठेवून कुकरची शिट्टी मोजायला गेले होते. ते फोन रात्री जेवणाच्या टेबलावर असतात, मुलांना आमचे पासवर्ड पाठ असतात, आणि सहावी-सातवी हे नेमके ते वय असते ज्यात कोणाकडे किती आहे हे मुलांना नव्याने कळू लागते. हा शब्द मुलांनी शोधलेला नव्हता. तो आमच्याकडून उतरला होता.

घरी परतताना मला माझेच वाक्य टोचत राहिले, कारण ते मी यापूर्वीही एकदा म्हटले होते, अगदी याच शब्दांत, आणि तेव्हा मीही सातवीत होते.

ते १९९३ साल असावे. वाशीला आदल्याच वर्षी रेल्वे आली होती, कोपरखैरण्याला ती यायला अजून दशकभर वेळ होता. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार होते आणि आम्ही माथाडींच्या वसाहतीत राहत होतो, जिथे अर्ध्या बिऱ्हाडांचे गाव सातारा जिल्ह्यात आणि उरलेल्यांचे सांगलीकडे. (माथाडींचे काम टोळीने चालते, टोळीला मुकादम असतो, मजुरी टोळीत वाटली जाते. त्यामुळे ‘टोळी’ हा शब्द आमच्या घरात अत्यंत आदराचा होता आणि ‘टोळकं’ नावाची एक वेगळी गोष्ट असते, हे मला शाळेत कळले.) आमच्या वर्गात तीन प्रकारची मुले होती. सिडकोच्या बैठ्या घरांतली नोकरदारांची मुले, आम्ही माथाडींची मुले, आणि आसपासच्या गावठाणांतली आगरी-कोळी मुले, ज्यांच्या आजोबांच्या भातशेतीवर हे सगळे नगर सिडकोने १९७० नंतर वसवायला घेतले होते. ज्यांची जमीन, तेच वर्गात पाहुण्यासारखे बसत.

आमच्या घरी ‘ण’ नव्हता. आम्ही ‘पानी’ प्यायचो, ‘लोनी’ खायचो आणि दार वाजले की ‘कोन’ म्हणायचो. हे चुकीचे असते हे मला पाचवीत कळले आणि मी मोरीतल्या नळाखाली बादली भरत असताना, पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, ‘पाणी, लोणी, आणि, कोण’ घोकून घोकून तो ‘ण’ कमावला. गावठाणातून येणाऱ्या एका मुलीकडे ‘ळ’ नव्हता. ती ‘शाला’ म्हणायची, ‘डोला’ म्हणायची. आगरी बोलीत तसेच म्हणतात, त्यात चूक काहीच नाही, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला एवढेच माहीत होते, की ‘ळ’ माझ्याकडे जन्मापासून आहे आणि तो तिच्याकडे नाही, म्हणजे वर्गात माझ्याखाली निदान एक पायरी आहे.

आमच्या मराठीच्या बाई चांगल्या होत्या, हे लिहून ठेवलेच पाहिजे. त्यांच्या तोंडून कविता ऐकताना पाठीमागच्या बाकावरची मुलेही गप्प होत, आणि सातवीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी त्या सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता, आम्हाला शिकवत. पण एका तासाला त्या मुलीने धडा वाचताना ‘शाला’ म्हटले आणि बाईंनी तिला थांबवून सांगितले, ‘‘शाळा म्हण. शा-ळा. दहा वेळा म्हण.’’ तिने दहा वेळा म्हणण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळेपासून वर्ग हसू लागला, सातव्या वेळी बाईंच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू आले, आणि दहाव्या वेळी ती स्वतः हसली. मधल्या सुट्टीपर्यंत तिचे नाव ‘शाला’ झाले होते. बाईंचा हेतू तिचे उच्चार सुधारण्याचा होता याबद्दल मला शंका नाही, परंतु जे हसू बाईंना आवरले नाही, त्याने आम्हा चाळीस मुलांना परवाना दिला.

पुढचे सगळे या नावाभोवती घडले. पाण्याच्या नळाशी तिचा नंबर आला की कोणीतरी ‘शाला भरली’ म्हणायचे. तिच्या वहीवर ते लिहिले जाई. मैदानात तळ्यात-मळ्यात खेळताना सगळा घोळका ‘तल्यात! मल्यात!’ असे ओरडायचा आणि तिने कुठल्याही बाजूला उडी मारली तरी ती बाद व्हायची. या सगळ्याची पुढारी एक दुसरीच मुलगी होती, नोकरदाराच्या घरातली, हुशार, बाईंची लाडकी, रांगोळीत पहिली येणारी. मी पुढारी नव्हते. वर्षाच्या शेवटी कधीतरी त्या आगरी मुलीची आई शाळेत आली, बाईंनी आमच्यातल्या पाच-सहा जणींना विचारले, तेव्हा मी जे सांगितले तेच वर शीर्षकात आहे.

ते खरेही होते आणि नव्हतेही. मला नकला चांगल्या यायच्या. ऑफ तासाला ‘तल्यात-मल्यात’ सगळ्यांत हुबेहूब कोण म्हणते याची जणू स्पर्धाच लागे आणि ती मी जिंकत असे. मी ते आईला कधी सांगितले नाही, नवऱ्यालाही नाही, आणि लिहितानाही ते लेखाच्या मध्यावर येईपर्यंत लांबवले आहे, हे माझ्या लक्षात आले आहे.

मुलांनी मुलांना त्रास देण्याच्या या विषयाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांच्यापासून सुरू झाला असे मानतात, ते स्कँडिनेव्हियातले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस १९७० च्या दशकात स्वीडनमधल्या शाळकरी मुलांकडे बघत होते. त्या वेळी तिकडे या प्रकाराला ‘मॉबिंग’ म्हणत. पक्ष्यांचा थवा एखाद्या शिकारी पक्ष्यावर तुटून पडतो, त्यावरून आलेला तो शब्द होता. ओल्व्हेउस यांना तो शब्द पुरेसा वाटला नाही. थवा म्हटले की कोणाचाच चेहरा दिसत नाही आणि प्रत्येक जण सुटतो, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्यांनी तीन खुणा सांगितल्या, ज्या आजही प्रमाण मानल्या जातात: त्रास देण्याचा हेतू, त्याचे पुन्हा पुन्हा घडणे, आणि दोघांच्या बळात असलेली तफावत, मग ते बळ अंगाचे असो, संख्येचे असो की प्रतिष्ठेचे. तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बरोबरीच्या दोन मुलांतले भांडण आणि हे, यांतला फरक तिथेच आहे. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी जीव दिला, बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचे कारण असावे असे पुढे आले, आणि त्यानंतर १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभरातल्या शाळांत मोहीम हाती घेतली.

पण मला माझी जागा सापडली ती फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या १९९६ च्या अभ्यासात. त्यांनी सहावीच्या ५७३ मुलांना, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना, एकमेकांबद्दल विचारले आणि त्यातून वर्गाचे जणू पात्रवाटपच मांडले: त्रास देणारा, त्याला हात देणारे साथीदार, हसून-ओरडून चेव आणणारे, बाजूला सरकणारे, पीडिताची बाजू घेणारे, आणि सोसणारा. दहांतल्या जवळपास नऊ मुलांना यांपैकी कोणती ना कोणती भूमिका होती. आपल्याकडे रस्त्यावर काही घडले की वर्तमानपत्रे ‘बघ्यांची गर्दी’ असे लिहितात. त्या गर्दीत अनेक जाती आहेत, आणि हसणारा हा बघा नसून नटाला पुढचे वाक्य सुचवणारा असतो, हे मला त्या यादीने शिकवले. कॅनडातल्या संशोधकांनी टोरोंटोच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर लांबून चित्रण केले, तेव्हा आढळले की अशा दहांपैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुले हजर असतात आणि त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ, ५४ टक्के, नुसता बघण्यात जातो. कोणी मधे पडण्याचे प्रसंग फार थोडे होते. मात्र कोणी मधे पडलेच, तर त्यांतल्या ५७ टक्के वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! तेवढ्या वेळात तळ्यात-मळ्यातला एक डावही पुरा होत नाही.

मुले अशी का वागतात, याचे आपल्याकडचे आवडते उत्तर ‘घरचे संस्कार’ हे आहे. त्यात तथ्य नाही असे नाही; घरी मार खाणारी, घरात सतत ओरडणे ऐकणारी किंवा कोणाच्याच लक्षात नसलेली मुले बाहेर हात उगारण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक देशांत दिसले आहे. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांची नजर नसेल तर हे वाढते, हेही. जाड, तोतरे, नव्याने आलेले, अपंग, वेगळ्या भाषेचे किंवा वेगळ्या डब्याचे मूल लवकर सापडते, हे सांगायला संशोधक लागत नाहीत. पण संस्कारांचे उत्तर मला संशयास्पद वाटते, कारण ते देणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवत असतो. आमची पुढारी संस्कारी घरातली होती. माझे आईवडीलही कोणाला उणेदुणे बोलणारे नव्हते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट फॅरिस आणि डायेन फेल्मली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की वर्गातल्या प्रतिष्ठेची शिडी मूल जसजसे चढते तसतसा त्याचा इतरांना त्रास देण्याकडे कल वाढतो, आणि तो खाली येतो तो थेट अगदी टोकाशी, जिथे चढायला पायरीच उरत नाही. मी शिडीच्या मधोमध होते. खाली ‘शाला’ होती, वर रांगोळीवाली होती, आणि माझ्या जिभेवरचा ‘ण’ अजून ओला होता. एखाद्या दिवशी तो घसरला असता तर पुढचे नाव माझे पडले असते. मी जितक्या मोठ्याने हसत होते तितका माझा ‘ण’ सुरक्षित होता.

आपली भाषाही यात थोडी मदत करते, असे मला वाटते. या सगळ्याला मराठीत एक शब्द नाही. छळ म्हटले तर सासरचा आठवतो, दादागिरी म्हटले तर नाक्यावरची. शाळेतल्या प्रकाराला आपण ‘चिडवणे’ म्हणतो, आणि त्या शब्दातच खोच आहे. चिडवणे हे चिडणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक आई मुलाला ‘तू चिडू नकोस, म्हणजे ते चिडवणार नाहीत’ असे सांगते आणि जबाबदारी अलगद सोसणाऱ्याच्या दप्तरात जाते. मग तो न चिडायला शिकतो. म्हणजेच तो हसायला शिकतो. ‘मस्करीची कुस्करी’ होते म्हणतात, तेव्हाही गृहीत असे असते की शेवटी काहीतरी बिघडले, आधी सगळे ठीक चालले होते.

म्हणून ‘बघा, तोही हसतोय’ हे वाक्य मला त्या खोलीतले सर्वांत क्रूर वाक्य वाटते, जरी ते बोलणारा माणूस क्रूर नव्हता. १९५८ मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा तिथे अजूनही पाठपुरावा चालू आहे. त्यांतल्या ७,७७१ जणांच्या आईवडिलांनी मुले सात आणि अकरा वर्षांची असताना, त्यांना इतर मुले त्रास देतात का, हे सांगून ठेवले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना वारंवार त्रास झाला होता त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही खिन्नता अधिक होती, प्रकृती उणी होती आणि माणसांचा आधार कमी होता. ती आगरी मुलगी आज जिथे असेल तिथे माझ्याच वयाची आहे. सातवीनंतर ती आमच्या वर्गात दिसली नाही. तिने शाळा बदलली की तिची शाळा सुटली, हे मी तेव्हा कोणाला विचारले नाही, आणि हे वाक्य लिहिताना ‘शाळा’ या शब्दाशी हात अडखळतो.

मुलीच्या शाळेने जे केले ते झटपट केले. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते, पण त्याचा रोख मोठ्यांकडे आहे. ज्या कायद्याने त्या मुलाला वर्गात बसवले, त्याने शेजारच्या बाकाबद्दल फारसे काही सांगितलेले नाही. शाळेने सहा मुलांकडून माफीची पत्रे लिहून घेतली आणि ग्रुप बंद करायला लावला. आम्ही सह्या केल्या. त्याच संध्याकाळी नवा ग्रुप तयार झाला. त्यात स्टिकर नव्हते, आकडा नव्हता, आणि तो मुलगाही नव्हता. आता कोणीही त्याला काहीच म्हणत नव्हते. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, पण तो जातपंचायतींसाठी. सातवी ‘ब’मध्ये त्याला कट्टी म्हणतात आणि ती कोणत्याही छापील पानावर दिसत नाही.

हे मला मुलीनेच सांगितले, रविवारी रात्री, भात वाढत असताना. त्याआधी मी तिला तळ्यात-मळ्यातची गोष्ट सांगितली होती, नकलांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘तिचं खरं नाव काय होतं?’’ मी सांगितले. ते मला आठवत होते, याचेच मला आश्चर्य वाटले, कारण वर्षभरात मी ते हजेरीखेरीज कधी ऐकले नव्हते. ‘‘मग मी काय करू? त्याला ॲड करायला मी ॲडमिन नाहीये,’’ असे ती म्हणाली. मी काही सुचवू लागले, ते फार लांबले, आणि ती मधेच उठून फोन घेऊन आली.

तिने ग्रुपवर काहीच लिहिले नाही. त्या मुलाला वेगळा निरोप पाठवला: ‘सायन्सचं जर्नल उद्या कुठपर्यंत पूर्ण पाहिजे?’ उत्तर तिला माहीत होते, तिचे जर्नल शनिवारीच पूर्ण झाले होते. निरोपावर दोन राखाडी खुणा आल्या, बऱ्याच वेळाने त्या निळ्या झाल्या आणि तरी काही आले नाही. ताटे घासून झाली, गॅसचा ओटा पुसून झाला. पावणेदहाला फोन वाजला.

‘पान ४० पर्यंत. आकृतीला पेन्सिल.’